रंगहीन मेलॅनोमा आणि टायरोसिनेज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात त्वचेला काळेपणा देणाऱ्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मेलॅनोमाचा, म्हणजे रंजकपेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाचा, उल्लेख जेमतेम एका परिच्छेदाचा होता. तरीही आलेली बहुतेक पत्रे त्याच परिच्छेदातल्या एका वाक्याला धरून आहेत. यांतील काही गाठी पांढुरक्या असतात आणि तरीही त्यांना मेलॅनोमाच म्हणतात, असे ते वाक्य होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : ज्या मेलॅनोमात मेलॅनिन नाही त्यात टायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, नसतेच, असे आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो. हे कुणी मोजून पाहिले आहे का, असे एका विद्यार्थ्याने विचारले. कृपया खुलासा करावा. (एक प्राध्यापिका, सांगली)

उत्तर : मोजून पाहिले आहे, आणि निकाल आपल्या विधानाच्या बाजूने पूर्णपणे लागत नाही.

टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर आहे. त्याच्या क्रियास्थळी तांब्याचे दोन आयन असतात आणि प्रत्येक आयन हिस्टिडिनच्या तीन अवशेषांनी धरून ठेवलेला असतो. टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपाक्विनोन तयार होते ते या विकरामुळे. डोपा हा टायरोसिनशी जवळचे नाते असलेला पदार्थ पुरवला तर त्याचेही ऑक्सिडीकरण होऊन तेच डोपाक्विनोन मिळते. त्यापुढच्या बऱ्याच पायऱ्या आपोआप घडू शकतात, आणि सस्तन प्राण्यांत डोपाक्रोम टॉटोमरेजसारखी आणखी एकदोन विकरे त्यांना दिशा देतात. म्हणजे टायरोसिनेज बंद असेल तर मेलॅनिन नाही, हे खरे आहे. अडचण उलट्या बाजूने तर्क करताना येते. मेलॅनिन दिसत नाही एवढ्यावरून टायरोसिनेज नाही असे ठरत नाही, कारण जनुकापासून रंगाच्या कणापर्यंतची वाट लांब आहे आणि ती कुठेही अडू शकते.

सर्वांत शिकवण्याजोगे उदाहरण पोलंडमधील आहे. आंद्जेय बोमिर्स्की यांनी ग्दान्स्क येथे सीरियन हॅमस्टरमधील मेलॅनोमाचे एक अख्खे कुटुंब वर्षानुवर्षे एका प्राण्यातून दुसऱ्यात प्रत्यारोपण करत जपले. त्याचे मूळ १९५९ मध्ये एका हॅमस्टरमध्ये आपोआप उद्भवलेल्या काळ्या गाठीत आहे. याच काळ्या वाणातून १९६३ मध्ये, कुणी मुद्दाम काही न करता, एक रंगहीन वाण वेगळा झाला, आणि तो ‘एबी’ या नावाने ओळखला जातो. प्राण्याच्या अंगावर वाढताना एबी गाठ पांढुरकी असते आणि झपाट्याने फोफावते. आता याच पेशी काढून, टायरोसिन अत्यंत कमी असलेल्या संवर्धन माध्यमात ठेवल्या तर त्या रंगहीनच राहतात. परंतु माध्यमात टायरोसिन किंवा डोपा वाढवला की त्यांच्यातील टायरोसिनेजची क्रियाशीलता चढते, मेलॅनोसोम हे रंगकण तयार होऊ लागतात आणि पेशी काळ्या पडतात. स्लोमिन्स्की, पावेलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८८ मध्ये दाखवले. यातली लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की टायरोसिन आणि डोपा हे येथे नुसता कच्चा माल म्हणून वागत नाहीत, तर ज्या यंत्रणेने त्यांचा वापर करायचा ती यंत्रणाच उभी करण्याचा इशारा पेशीला देतात. जनुक हरवलेले असते तर कितीही टायरोसिन ओतून काही झाले नसते.

दुसरा पुरावा माणसाच्या पेशींवरचा आहे, प्राण्यांच्या गाठींवरचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. येल विद्यापीठातील रुथ हलाबान यांच्या गटाने १९९७ मध्ये असे दाखवले, की काही रंगहीन मेलॅनोमा पेशी टायरोसिनेज नीट बनवतात, परंतु ते प्रथिन पेशीत प्रथिनांची घडी घालणाऱ्या आंतर्द्रव्यजालिकेतच अडकून पडते, त्यांना पुढे रवाना करणाऱ्या गॉल्जी संकुलापर्यंत जात नाही, आणि पेशीची विल्हेवाट यंत्रणा त्याचे तुकडे करून टाकते. हे विकर घडी घालताना चोखंदळ आहे. त्याच्यावर शर्करेच्या साखळ्या योग्य जागी जोडल्या जाव्या लागतात, त्याला मेलॅनोसोममध्ये पोहोचावे लागते आणि तांबेही मिळावे लागते, तेव्हाच ते कामाला लागते. तांबे पोहोचवणारे प्रथिन सदोष असलेल्या ‘मॉटल्ड’ जातीच्या उंदरांचे केस फिके असतात, त्यांच्या टायरोसिनेजच्या जनुकात मात्र काहीही दोष नसतो.

तेव्हा वर्गात सांगायचे झाल्यास मी असे सांगेन, की रंगहीन मेलॅनोमा ही एकच अवस्था नाही. काहींत जनुक शांत असते, आणि त्यामागे बहुधा एमआयटीएफ या नियंत्रक प्रथिनाची घट असते. काहींत प्रथिन बनते पण पोहोचत नाही. काहींत ते पोहोचते, पण भोवतालची आम्लता किंवा टायरोसिनची टंचाई त्याला काम करू देत नाही. आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न योग्य होता.

प्रश्न : आमच्या विभागात हॅमस्टरच्या एका रंगहीन गाठीच्या छेदांवर डोपा अभिक्रिया केली. काही पेशी स्पष्ट काळ्या झाल्या, पण त्याच गाठीच्या अर्कात क्रियाशीलता जवळपास शून्य आली. कोणत्या निष्कर्षावर विश्वास ठेवावा? (विकृतिशास्त्राचा एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : दोन्हींवर अविश्वास दाखवून सुरुवात करावी. या क्षेत्रातील जुन्या वादांपैकी निम्मे वाद मोजण्याच्या पद्धतीतून निर्माण झालेले आहेत, आणि आपल्या पत्रावरून तरी आपलाही प्रश्न त्याच जातीचा दिसतो.

डोपा अभिक्रिया ब्रूनो ब्लॉख या स्विस त्वचारोगतज्ज्ञाने १९१७ च्या सुमारास रूढ केली. ताज्या ऊतीचा पातळ छेद डोपाच्या द्रावणात ठेवायचा, आणि ज्या पेशी काळ्या होतील त्यांत डोपाचे ऑक्सिडीकरण करणारे विकर आहे असे समजायचे. ही युक्ती इतकी सोपी आणि इतकी देखणी होती की तिने पुढील कित्येक वर्षे विचारांवर पकड ठेवली. ब्लॉख यांचे मत असे होते की सस्तन प्राण्यांत केवळ डोपावर काम करणारे एक वेगळे विकर असते. बूर्केलो आणि बर्त्रां यांनी १८९५ च्या आसपास अळिंबीत शोधलेल्या टायरोसिनेजसारखे, थेट टायरोसिनवर काम करणारे विकर सस्तन प्राण्यांत सहजी सापडत नव्हते, त्यामुळे त्यांचे म्हणणे टिकून राहिले. होजबूम आणि ॲडम्स यांनी १९४२ मध्ये उंदराच्या मेलॅनोमातून टायरोसिनवर काम करणारी क्रियाशीलता वेगळी काढून दाखवली, आणि फिट्झपॅट्रिक, लर्नर आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मानवी त्वचेतही ती असल्याचे सिद्ध केले. इतका उशीर होण्याचे एक कारण रासायनिक आहे. टायरोसिनवर काम सुरू करताना हे विकर बराच वेळ मंद राहते, आणि थोडासा डोपा मिळाला की तो विलंब कमी होतो. डोपा न घालता आणि थोडाच वेळ थांबून मोजणी केली तर विकर असूनही ते नाही असे वाटू शकते.

आता आपल्या छेदांकडे वळू. डोपा ऑक्सिडीकरणाला अतिशय सोपा पदार्थ आहे. रक्तातील श्वेतपेशींचे पेरॉक्सिडेज त्याला काळे करू शकते, हिमोग्लोबिनही काही प्रमाणात तेच करते, आणि अल्कधर्मी द्रावणात तर तो हवेनेच काळवंडतो. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत रक्तस्राव आणि मृत ऊतींचे भाग असतातच, आणि अशा भागांत श्वेतपेशी गोळा होतात. म्हणून काळ्या झालेल्या पेशी नेमक्या कुठे आहेत हे आधी पाहावे. त्यानंतर शेजारचा छेद फिनिलथायोयुरिया किंवा डायइथिलडायथायोकार्बामेट घालून ठेवावा. ही द्रव्ये टायरोसिनेजमधील तांबे बांधून त्याला थांबवतात. तिसरा छेद उकळून मग डोपात ठेवावा. जो काळेपणा या दोन्ही नियंत्रणांत नाहीसा होतो तोच टायरोसिनेजचा मानावा. पेरॉक्सिडेजची शंका उरत असल्यास कॅटालेज घालून द्रावणातील हायड्रोजन पेरॉक्साइड काढून टाकावे आणि पुन्हा पाहावे.

अर्कात शून्य येण्याचे कारण याहून साधे असू शकते. सस्तन प्राण्यांचे टायरोसिनेज पेशीतील पटलाला, म्हणजे मेम्ब्रेनला, जखडलेले असते. गाठ कुस्करून, अपकेंद्रित करून, वरचा स्वच्छ द्रव मोजायला घेतला आणि तळाचा गाळ टाकून दिला, तर विकराचा मोठा वाटा गाळाबरोबर जातो. ट्रायटॉन एक्स-१०० सारखे सौम्य अपमार्जक वापरून ते द्रावणात आणता येते. आपल्या पत्रात अपमार्जकाचा उल्लेख नाही, म्हणून माझा पहिला संशय येथे आहे.

क्रियाशीलता किती, हे सांगताना भाजकाचाही विचार करावा लागतो. प्रतिमिलिग्रॅम प्रथिनामागे आकडा दिला तर गाठीतील रक्त, संयोजी ऊती आणि मृत पेशी यांचे प्रथिन त्यात मिसळते आणि आकडा खाली येतो. पेशींच्या संख्येमागे किंवा डीएनएमागे दिला तर चित्र वेगळे दिसते. काळ्या आणि रंगहीन गाठींची तुलना करणाऱ्या निबंधात हा भाजक स्पष्ट लिहिलेला नसेल तर मी तो निबंध बाजूला ठेवतो.

पद्धतींपैकी डोपाक्रोमचा लालसर रंग ४७५ नॅनोमीटरला मोजण्याची पद्धत स्वस्त आहे, पण रंगहीन गाठींतील अल्प क्रियाशीलतेसाठी ती बोथट पडते. तिथे सीमूर पोमेरांट्झ यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली किरणोत्सारी पद्धत उपयोगी ठरते. टायरोसिनच्या वलयावर ट्रिटियम हे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप लावलेले असते, विकराने तेथे हायड्रॉक्सिल गट बसवला की ट्रिटियम सुटून पाण्यात जाते आणि ते पाणी मोजता येते. यातही एक खाचखळगा आहे. चेतापेशींतील टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे लोहयुक्त विकर अगदी वेगळे असले तरी तेही ट्रिटियम सोडवते, म्हणून फिनिलथायोयुरियाचे नियंत्रण येथेही हवेच. आपल्याकडे किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याची परवानगी नसेल, तर अर्क जेलवर विद्युतसंचलनाने पसरवून तो जेल डोपात बुडवावा. जेथे विकर आहे तेथे काळी पट्टी उमटते. एका जेलवर काळ्या गाठीचा अर्क आणि शेजारी रंगहीन गाठीचा, समान प्रथिन घेऊन, अशी पट्टी पाहिल्यावर वाद करायला फारशी जागा राहत नाही. नमुना मात्र उकळू नये, कारण उकळले की विकर संपले आणि पट्टीही संपली.

शेवटी उलटी शक्यताही ध्यानात असू द्यावी. मेलॅनोमाच्या गाठीत रंगाने भरलेल्या भक्षकपेशी असतात. त्यांनी इतर पेशींचे मेलॅनिन गिळलेले असते आणि त्यांच्यात टायरोसिनेज नसते. म्हणजे काळी दिसणारी पेशी विकररहित आणि पांढरी दिसणारी पेशी विकरयुक्त, असे एकाच छेदात आढळू शकते.

प्रश्न : पांढऱ्या उंदरांना होणारा मेलॅनोमा रंगहीनच असणार ना? मग ‘रंगहीन’ म्हणून वेगळा वर्ग कशासाठी? (नागपूरचे एक वाचक)

उत्तर : वर्ग वेगळा करण्याचे कारण हेच, की दोन्ही गाठी पांढऱ्या असल्या तरी त्यांच्यामागची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत.

बाल्ब-सी सारख्या नेहमीच्या पांढऱ्या उंदरांत टायरोसिनेजच्या जनुकात एकच बदल असतो. प्रथिनातील १०३ व्या स्थानी सिस्टिनऐवजी सेरिन येते, त्यामुळे घडी बिघडते आणि विकर निकामी होते. प्रयोगशाळांतील जुने पांढरे वाण या एकाच बदलाचे वारसदार निघाले. विस्टारसारख्या पांढऱ्या मोठ्या उंदरांत (रॅट) बदल याच जनुकात, पण २९९ व्या स्थानी आहे. या प्राण्यांच्या सर्व पेशींत तो दोष जन्मापासून असतो, कर्करोगाशी त्याचा संबंध नाही. याचा पुरावाही हातात आहे. पांढऱ्या उंदराच्या भ्रूणात टायरोसिनेजचे चालू जनुक घातले तर जन्मणारी पिले रंगीत होतात, हे १९९० मध्ये एकाहून अधिक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले.

याउलट काळ्या उंदरात उद्भवलेल्या गाठीतून पुढे जो रंगहीन वाण निघतो, त्याच्या पेशींत टायरोसिनेजचे जनुक बहुधा शाबूत असते आणि बिघाड त्याच्या वापरात असतो. बी-१६ हा मेलॅनोमा १९५४ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत सी-५७ ब्लॅक या काळ्या उंदरात उद्भवला, आणि क्लाउडमन यांचा एस-९१ त्याआधी, १९३७ मध्ये, डीबीए या रंगीत जातीच्या उंदरात. या दोन्हींचे रंगहीन उपवाण झाले आहेत. त्यांच्यात क्रियाशीलता मोजणे अर्थपूर्ण आहे, कारण ती परत येऊ शकते. बाल्ब-सी उंदराच्या गाठीत ती मोजणे म्हणजे ठाऊक असलेले उत्तर पुन्हा विचारणे.

यात एक मधला प्रकारही आहे. हिमालयन म्हणवल्या जाणाऱ्या उंदरांच्या टायरोसिनेजमध्ये ४२० व्या स्थानी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन असते, आणि ते विकर शरीराच्या उबदार भागांत अस्थिर, पण थंड टोकांना, म्हणजे कान, नाक, शेपटीवर चालू राहते. सयामी मांजरांच्या रंगरचनेचे स्पष्टीकरणही याच धर्तीचे आहे. अशा प्राण्याच्या ऊतीत ३७ अंशांना मोजलेला आकडा काहीच सांगणार नाही. तापमान बदलून मोजणी करण्याची कल्पना फार थोड्यांना सुचते.

प्रश्न : रंग गेला की गाठ अधिक घातक होते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले आहे का? (मुंबईच्या एक वाचक)

उत्तर : काही ठिकाणी तसे दिसते, पण याला नियम म्हणता येणार नाही. बोमिर्स्की यांच्या हॅमस्टरांत रंगहीन एबी वाण काळ्या मूळ वाणापेक्षा वेगाने वाढतो, आणि हे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले जाते. रंग तयार करणे हे प्रगल्भ रंजकपेशीचे काम असून, विभाजनाच्या मागे लागलेली पेशी ते काम सोडून देते, असा त्यामागचा युक्तिवाद असतो.

परंतु न्यूयॉर्कमध्ये सेल्मा सिलाजी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. त्यांनी बी-१६ च्या काळ्या पेशी ब्रोमोडिऑक्सियुरिडिन या द्रव्याच्या सान्निध्यात वाढवल्या. पेशींचा रंग गेला, टायरोसिनेजची क्रियाशीलता घसरली, आणि त्याबरोबर त्या पेशींची उंदरात गाठ करण्याची क्षमताही नाहीशी झाली. द्रव्य काढून टाकल्यावर रंग आणि घातकता दोन्ही परत आले. म्हणजे येथे रंगहीन पेशी निरुपद्रवी आणि काळ्या पेशी मारक, असे अगदी उलटे चित्र आहे. या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे मला वाटत नाही. रंग आणि घातकता यांना चालवणाऱ्या यंत्रणा काही ठिकाणी एकमेकींना स्पर्श करतात, एवढेच यातून निघते.

त्यात मेलॅनिन-निर्मितीचे मधले पदार्थ स्वतःच निष्पाप नाहीत. डोपाक्विनोन आणि त्याची भावंडे प्रथिनांना आणि पेशीचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनला जाऊन चिकटतात, म्हणजे ज्या पेशीत टायरोसिनेज जोरात आहे ती काही प्रमाणात स्वतःच्याच विषाशी झगडत असते. याचा फायदा घ्यावा म्हणून टायरोसिनेजमुळे विषारी होणारी फिनॉल-सदृश द्रव्ये औषधे म्हणून तपासली गेली. ४-हायड्रॉक्सिॲनिसोल हे त्यांतील एक; ते गिनिपिगच्या त्वचेवर लावले असता रंजकपेशी मरतात. कल्पना चतुर होती, पण तिची मर्यादा तिच्यातच आहे. ज्या गाठीत विकर झोपलेले आहे तिच्यावर हे अस्त्र चालत नाही, आणि मिश्र गाठीत ते काळ्या पेशी मारून रंगहीन पेशींना मोकळे रान देऊ शकते. माझ्या मते रंगहीन गाठींतील क्रियाशीलता नेमकी मोजण्याचे हेच सर्वांत व्यावहारिक कारण आहे.

प्रश्न : वडिलांच्या तळपायावरची न भरणारी जखम तपासल्यावर अहवालात ‘रंगहीन मेलॅनोमा’ असे आले आहे. टायरोसिनेजची पातळी तपासून घ्यावी का? (सातारा)

उत्तर : नाही. विकराची क्रियाशीलता मोजायला ताजी ऊती लागते. रुग्णालयात काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि तेथे विकर मरते. निदानासाठी प्रतिपिंडांवर आधारित रंजन करतात. एस-१००, सॉक्स-१०, मेलान-ए आणि एचएमबी-४५ ही त्यांतील नेहमीची नावे आपल्याला अहवालात दिसतील. काही ठिकाणी टायरोसिनेजविरुद्धचे प्रतिपिंडही वापरतात, पण ते केवळ प्रथिन आहे की नाही हे दाखवते, ते काम करते की नाही हे नव्हे. माणसांतील मेलॅनोमांपैकी साधारण २ ते ८ टक्के रंगहीन असतात. त्यांचे निदान उशिरा होते, कारण कुरूप, चामखीळ किंवा साधा व्रण समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. आपल्याकडे मेलॅनोमा तळपायावर येण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक आहे, हेही ध्यानात घ्यावे. पुढचा उपचार गाठीची जाडी, व्रण आहे की नाही, जांघेतील लसिकाग्रंथी आणि जनुकीय तपासणी यांवर ठरेल. याविषयी कर्करोग शल्यचिकित्सकांशी बोलायला उशीर करू नये, ही विनंती.

प्रश्न : आम्ही बी-१६ च्या एफ-१० या उपवाणाच्या पेशी वाढवतो. आणल्या तेव्हा पेशींचा गोळा काळा होता, आता काही पिढ्यांनंतर तो भुरकट पांढरा झाला आहे. वाण बिघडला असे समजून टाकून द्यावा का? (पुणे येथील एक संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : लगेच टाकू नये. प्रथम माध्यम पाहावे. आरपीएमआय-१६४० या माध्यमात लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम टायरोसिन असते, तर डल्बेको यांच्या सुधारित माध्यमात सुमारे ७२ मिलिग्रॅम. मधल्या काळात कुणी एक माध्यम सोडून दुसरे वापरू लागले असेल तर एवढ्यानेच रंग फिका पडू शकतो.

दुसरी गोष्ट आम्लतेची. टायरोसिनेजला उदासीन पीएच मानवतो. पीएच खाली गेला की प्रथिन जागेवर असूनही त्याचे काम मंदावते. मेलॅनोसोम पटलावरचा प्रोटॉन-पंप बॅफिलोमायसिन देऊन बंद केला असता आधीपासून असलेल्या विकराची क्रियाशीलता वाढते, हे माणसाच्या फिक्या रंजकपेशींत २००१ मध्ये दाखवले गेले. बी-१६ पेशी ग्लुकोज भराभर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात, त्यामुळे दाटी झालेल्या बशीत माध्यमातील फिनॉल रेड या आम्लतादर्शकाचा रंग पिवळा होतो. आपल्या बश्या शनिवार-रविवारी पिवळ्या राहत असतील आणि सोमवारी पेशी गोळा केल्या जात असतील, तर भुरकटपणाचे कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. दाटीचा मुद्दा मात्र दुधारी आहे. या पेशी विरळ असताना रंग करत नाहीत आणि दाट झाल्यावरच करू लागतात, म्हणून फार लवकर उचललेल्या पेशीही पांढऱ्याच दिसतात.

हे सारे ठीक करूनही रंग न आल्यास अल्फा-एमएसएच हे संप्रेरक, किंवा पेशीतील चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवणारे फॉर्स्कोलिन, काही दिवस देऊन पाहावे. निरोगी बी-१६ पेशी याला प्रतिसाद देतात आणि माध्यमसुद्धा तपकिरी करून सोडतात. प्रतिसाद आला तर यंत्रणा शाबूत आहे. नाहीच आला तर जेलवरची डोपा-पट्टी आणि टायरोसिनेजच्या आरएनएची तपासणी शेजारी शेजारी करावी. आरएनए आहे पण पट्टी नाही, तर बिघाड प्रथिनाच्या वाटचालीत आहे. दोन्ही नाहीत, तर एक तर जनुक शांत झाले आहे, किंवा या पेशी बी-१६ च्या नाहीतच. दुसरी शक्यता वाटते तितकी दुर्मीळ नाही, म्हणून मायकोप्लाझ्मा या संवर्धनात नकळत शिरणाऱ्या जीवाणूची चाचणी आणि वाणाची जनुकीय ओळख पटवणे हे काम रंगाच्या चौकशीबरोबरच उरकावे. आपण पुण्यात असल्याने राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून नव्याने कुपी घेणे आपल्याला सोयीचे आहे. नवी कुपी आल्यावर तिच्यातील पेशी त्याच माध्यमात, तितक्याच दाटीने, जुन्या पेशींच्या शेजारी एक आठवडा वाढवाव्यात. नव्या पेशीही पांढऱ्या झाल्या, तर दोष पेशींचा नसून आपल्या माध्यमाचा आहे. नव्या काळ्या आणि जुन्या पांढऱ्या राहिल्या, तर जुन्या पेशी टाकण्यापूर्वी त्यांच्या काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून द्याव्यात, कारण एकाच मुळाचे काळे आणि रंगहीन असे दोन वाण शेजारी असणे ही अशा अभ्यासासाठी दुर्मीळ सामग्री आहे.